मागणाऱ्याची लाज

दान कसे द्यावे याविषयी आपल्याकडे पुष्कळ सांगितले गेले आहे. कीर्तनात सांगतात, पोथीत सांगतात, घरातली वडील माणसे सांगतात. गाजावाजा न करता द्यावे, हातचे राखून देऊ नये, दिल्यावर मोजत बसू नये. देणाऱ्याला शिकविणारे असे शेकडो आहेत. पण मागणाऱ्याने कसे मागावे, हे कोण सांगतो? जो स्वतःच्या पोटासाठी मागतो त्याला त्याची परिस्थितीच शिकविते. परंतु जो दुसऱ्यासाठी मागतो, देवळाच्या जीर्णोद्धारासाठी, शाळेच्या इमारतीसाठी, दिंडीच्या पंगतीसाठी मागतो, त्याला आपण आधीच पुण्यवान ठरवून मोकळे होतो. ‘स्वतःसाठी का मागतोय तो? चांगल्या कामासाठीच ना?’ एवढे म्हटले की विचार संपला. आम्हीही पूर्वी असेच समजत होतो. ती समजूत आमच्या मनातून कशी गेली, ते वाचकांपुढे ठेवावे म्हणून हा लेख.

काही वर्षांपूर्वी आम्ही अमेरिकेत एका विद्यापीठात शिकावयास होतो. परदेशातून आलेल्या विद्यार्थ्याला तेथे वाटेल तेथे नोकरी करता येत नाही. विद्यापीठाच्या आवारात, सत्र चालू असताना, आठवड्याला वीस तासांपर्यंत काम करण्याची मुभा असते. कोणी खानावळीत ताटे विसळतो, कोणी ग्रंथालयात पुस्तके लावतो. आम्हांला काम मिळाले ते फोन करण्याचे.

कसले फोन, तेही सांगावयास हवे. तिकडे एक रीत आहे. ज्या विद्यापीठात आपण शिकलो त्याला दरवर्षी आपल्या कमाईतून काही पाठवावयाचे. येल विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांनी १८९० साली असा वार्षिक निधी सुरू केला आणि पुढे ही चाल देशभर पसरली. त्या पैशातून गरीब मुलांना शिष्यवृत्त्या मिळतात, ग्रंथालयांत पुस्तके येतात. रीत चांगलीच आहे, तिला नाव ठेवण्याचे कारण नाही. आता हे पैसे फोनवरून मागण्याचे काम पुष्कळ ठिकाणी शिकत्या मुलांवरच सोपवीत आले आहेत. कारण कचेरीतल्या कारकुनाला ‘नाही’ म्हणणे सोपे, पण आपल्याच विद्यापीठातल्या पोराला ‘नाही’ म्हणणे अवघड. ही युक्ती ज्याने काढली तो माणसाचे मन जाणणारा खरा.

संध्याकाळी पाचाच्या सुमारास आम्ही पंधरावीस मुले एका खोलीत जमत असू. कानाला यंत्र, समोर पडदा. पडद्यावर त्या माणसाचे नाव, पदवीचे वर्ष, विषय, मागे केव्हा व किती दिले, सगळे लिहिलेले. नंबरही आम्ही लावीत नसू, यंत्रच लावी. एक बोलणे संपवून खूण केली की दोनचार क्षणांत दुसऱ्या घरची घंटा वाजू लागे. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांच्या घड्याळांत तीन तासांचे अंतर. म्हणून आधी पूर्वेकडची घरे घ्यावयाची आणि रात्र सरकेल तसतसे पश्चिमेकडे जावयाचे. लोक जेवणाच्या वेळी घरी सापडतात, म्हणून नेमके जेवणाच्या वेळीच उठवावयाचे!

काय बोलावयाचे तेही छापून दिलेले होते. आधी ख्यालीखुशाली, मग ‘पत्ता तोच आहे ना?’, मग विद्यापीठात नवे काय चालले आहे ते, आणि मग मागणी. पहिली मागणी मोठी. ‘नाही’ म्हटले तर तिच्या निम्मी. पुन्हा ‘नाही’ म्हटले तर अगदी लहान. पहिला नकार हा नकार समजू नये, हा त्या खोलीतला पहिला धडा. भिंतीवर एक फळा होता. त्यावर प्रत्येकाच्या नावापुढे त्या रात्री मिळविलेला आकडा लिहीत. आमच्या नावापुढचा आकडा बरेच दिवस लाज वाटण्यासारखा होता, कारण पहिल्याच नकाराला आमची जीभ अडखळे. आमच्यावर देखरेख करणारी मुलगी, तीही विद्यार्थिनीच, समजुतीने म्हणाली, ‘अरे, तू स्वतःसाठी थोडाच मागतो आहेस? लाजतोस कशाला?’ हे वाक्य आम्हांला फार पटले. पुढे सगळे घडले ते याच वाक्यातून.

एका रात्री पडद्यावर १९५८ साली पदवी घेतलेल्या एका गृहस्थांचे नाव आले. फोन एका बाईंनी उचलला. छापील रीतीप्रमाणे आम्ही विचारले, ‘साहेब घरी आहेत का?’ पलीकडे काही क्षण कोणी बोलेना. मग त्या हळूच म्हणाल्या की त्यांना जाऊन आज एकोणीस दिवस झाले.

अशा वेळेसाठी छापील कागदात एकच सूचना होती: खेद व्यक्त करून नोंद करावी. आम्ही खेद व्यक्त केला. पण फोन ठेवण्याचे धैर्य होईना. आपल्याकडे कोणाच्या घरी दुःखाच्या प्रसंगी गेलो तर बोलावेच लागते असे नाही. ओसरीवर नुसते बसले तरी त्या घराला आधार वाटतो. फोनवर नुसते बसता येत नाही, ही केवढी अडचण! गप्प राहिले की समोरचा विचारतो, ‘आहात ना?’ त्या बाईंनीही विचारले. आम्ही म्हटले, ‘आहे. ऐकतो आहे.’ मग त्या बोलू लागल्या. त्या दोघांची पहिली भेट विद्यापीठाच्या जुन्या ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर झाली होती. त्या पायऱ्या अजून आहेत का, असे त्यांनी विचारले. आम्ही रोज त्याच पायऱ्या चढत होतो. ‘आहेत,’ म्हटले. ‘दगड मधोमध झिजलेला आहे का?’ ‘झिजलेला आहे.’ ‘बरे वाटले,’ असे म्हणून त्यांनी फोन ठेवला.

आम्ही ‘मयत’ या खुणेवर बोट ठेवले, आणि तीन क्षणांत दुसऱ्या घरची घंटा वाजू लागली. कोणी हसऱ्या आवाजात ‘हॅलो’ म्हणाले. आमच्या घशातून शब्द फुटेना. देखरेख करणाऱ्या मुलीने येऊन आमचे यंत्र बंद केले आणि म्हणाली, ‘जा, जरा बाहेर फिरून ये.’ बाहेर बर्फ पडत होते. आम्ही त्या पायऱ्यांपर्यंत गेलो आणि परत आलो. त्या रात्री फळ्यावर आमच्या नावापुढे जवळजवळ काहीच नव्हते, पण लाजही वाटली नाही.

असे प्रसंग पुष्कळ येत. एक निवृत्त शिक्षक आपल्या कुत्र्याच्या आजारपणाबद्दल अर्धा तास बोलले आणि शेवटी, ‘तुझा फार वेळ घेतला,’ म्हणून पाच डॉलर लिहून घ्यावयास सांगते झाले. ते पाच डॉलर विद्यापीठासाठी नव्हते, ऐकून घेतल्याबद्दल होते, हे आम्हांलाही कळत होते. दुसरा एक तरुण एकदम तडकला: ‘तिथे शिकायला काढलेलं कर्ज अजून फेडतोय मी, आणि तुम्ही आणखी मागता?’ त्याचे म्हणणे खोटे कसे म्हणावे? ‘पुन्हा फोन करू नये’ अशी खूण त्याच्या नावापुढे केली आणि पुढे गेलो.

मग एक दिवस आमच्या खोलीत शिष्यवृत्तीवर शिकणारा एक मुलगा आणला. त्याचे वडील मालमोटार चालवीत. घरातून विद्यापीठात आलेला तो पहिलाच. तो फार काही बोलला नाही. ‘तुम्ही फोन करता म्हणून मी इथे आहे,’ एवढे म्हणून खाली मान घालून उभा राहिला. आमच्यातल्या दोघीतिघींच्या डोळ्यांना पाणी आले. आमच्याही आले, कारण आमच्या डोळ्यांपुढे गावाकडची मुले उभी राहिली. पूर्वी पुण्यात वार लावून जेवणारी, माधुकरी मागून शिकणारी मुले होतीच की. त्यांच्यात आणि याच्यात अंतर ते किती?

ही युक्ती केवळ आमच्याच विद्यापीठाची नव्हती, हे पुढे कळले. ॲडम ग्रँट नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह अशाच फोन करणाऱ्यांवर प्रयोग करून २००७ साली तो प्रसिद्ध केला. ज्यांची शिष्यवृत्ती मिळालेल्या विद्यार्थ्याशी अवघी पाच मिनिटे भेट घडविली, ते एका महिन्यानंतर पाहता पूर्वीपेक्षा १४२ टक्के अधिक वेळ फोनवर घालवीत होते आणि १७१ टक्के अधिक पैसे मिळवीत होते. पाच मिनिटांच्या भेटीने माणूस दुपटीहून अधिक काम करू लागतो! ज्याच्यासाठी राबतो त्याचे तोंड दिसले की अंगात बळ येते, हे वारकऱ्याला वेगळे सांगावयास नको. मुखदर्शनासाठी किती कोस चालतो आपण!

आमच्याही अंगात तसेच बळ आले. आणि त्याच आठवड्यात आमच्या हातून ती गोष्ट घडली.

एक वृद्ध बाई फोनवर होत्या. आवाज गोड, बोलणे आर्जवी. आम्ही कोणत्या गावचे, असे त्यांनी विचारले, आम्ही सांगितले. मग विद्यापीठाच्या गोष्टी झाल्या. थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा विचारले, आम्ही कोणत्या गावचे. पुन्हा सांगितले. मागणी केली तेव्हा त्या म्हणाल्या, ‘पैशाचं सगळं माझी मुलगी पाहते.’ हा नकारच होता. परंतु पहिला नकार तो नकार नव्हे! आम्ही त्या मालमोटारवाल्याच्या मुलाची गोष्ट सांगितली. अगदी मनापासून सांगितली, त्यात खोटे काही नव्हते. सांगताना आमचा आवाज भरून आला. त्या बाईही गहिवरल्या. ‘शंभर डॉलर लिहून घे,’ म्हणाल्या. आणि फोन ठेवण्याआधी तिसऱ्यांदा त्यांनी विचारले, आम्ही कोणत्या गावचे.

वाचकहो, आम्हांला तेव्हा कळले नाही असे आम्ही म्हणणार नाही. कळले होते. दुसऱ्यांदा विचारले तेव्हाच कळले होते. पण त्या मुलाचे खाली घातलेले तोंड आमच्या डोळ्यांपुढे होते, फळ्यावर आकडा चढत होता, आणि मनात ते वाक्य होते: तू स्वतःसाठी थोडाच मागतो आहेस?

पुढे काय झाले ते थोडक्यात. तोंडी कबूल केलेली रक्कम आली नाही की घरी आठवणीचे पत्र जाते. तसे पत्र त्या बाईंकडे गेले. महिन्याभराने त्यांच्या मुलीचा कचेरीत फोन आला. ती रागावली नव्हती, थकलेली होती. आईला विस्मरणाचा आजार आहे, ते पत्र तिने उशाखाली जपून ठेवले आहे, आणि ‘आपण कोणाचे तरी देणे लागतो, कोणाचे ते आठवत नाही’ असे म्हणत ती रात्री उठून बसते, एवढे तिने सांगितले. नोंद रद्द झाली. आम्हांला कोणी एका शब्दानेही बोलले नाही. फळ्यावरचा तो आकडा तर केव्हाच पुसला जाऊन त्या जागी नवे आकडे आले होते.

आता विचाराची गोष्ट अशी की, चूक नेमकी कोठे झाली? खोटे आम्ही बोललो नाही. पैसा आमच्या खिशात जाणार नव्हता. काम सत्कार्य होते. मनात दया होती, डोळ्यांत पाणी होते, ते पाणीही खरे होते. मग उणे काय होते?

पुष्कळ विचारान्ती आम्हांला असे वाटते की, आमच्याजवळ लाज उरली नव्हती. जो स्वतःसाठी हात पसरतो त्याचा हात थरथरतो. समोरच्याच्या कपाळावर आठी दिसली की तो मागे सरतो. मागणे फार ताणले जाऊ नये म्हणून देवाने माणसाच्या ठायी ठेवलेला हा आळा आहे. दुसऱ्यासाठी मागू लागलो की हा आळा सुटतो. सत्कार्याची पताका खांद्यावर घेतली की आपण धीट होतो. दोनदा मागतो, तीनदा मागतो, दाराशी ठाण मांडतो, आणि समोरच्याने तोंड फिरविले तर त्यालाच कंजूष म्हणतो. स्वतःसाठी जे करावयास जीभ धजणार नाही, ते परोपकाराच्या नावाने बेधडक करतो. संतांनी पोटासाठी भीक मागण्याचा धिक्कार केला, तो आपण ऐकतो. पण परमार्थाच्या नावाने मागणाऱ्याचाही हात कोणी धरावयास हवा.

दुसरे असे की, दया ही जवळ असलेल्याकडे ओढ घेते. मुलगा आमच्यासमोर येऊन उभा राहिला होता, म्हणून त्याची दया आली. बाई दूर होत्या, नुसता आवाज होता, म्हणून त्यांची दया आली नाही. दोघेही सारखेच असहाय; किंबहुना बाईच अधिक. एकाच्या दुःखाने डोळे भरून आले, आणि भरलेल्या डोळ्यांना दुसऱ्याचे दुःख दिसेना. म्हणून नुसता गहिवर आला म्हणजे सगळे शुद्ध झाले असे समजू नये.

यावर कोणी म्हणेल, ‘असा काथ्याकूट करीत बसलो तर एकही शाळा उभी राहणार नाही. मागणाऱ्याने निगरगट्टच असावे लागते.’ आक्षेप खोटा नाही. मागितल्यावाचून संस्था उभ्या राहत नाहीत. पण आपल्याच महाराष्ट्रात मागणारे कसे होते ते पाहा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि मुलांसाठी घरोघर मूठमूठ धान्य मागितले. मूठ! ज्या मडक्यातून ती निघते त्या मडक्याला कळूही नये, अशी मागणी. आधी पोते मागून मग मुठीवर यावयाचे, असे नव्हे. आणि वसतिगृहातली मुले उपाशी राहण्याची वेळ आली तेव्हा लक्ष्मीबाईंनी आपले मंगळसूत्र मोडले. ज्या घराने आपल्या गळ्यातले उतरविले, त्या घराने दुसऱ्याच्या दाराशी मूठ मागितली तर ती कोणाला जड होईल?

गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे धर्मशाळा उभारल्या त्या लोकांच्याच पैशावर. पण स्वतःच्या अंगावर चिंध्या आणि हातात फुटके गाडगे ते शेवटपर्यंत, म्हणजे १९५६ पर्यंत, सुटले नाही. पंढरीची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली आणि हात झटकून पुढे गेले. लोक त्यांना देत, कारण या माणसाच्या मागण्यात आपल्याला लुबाडण्याची इच्छा नाही हे शेंबड्या पोरालाही कळे. निगरगट्ट असणे निराळे आणि निःस्वार्थ असणे निराळे. आम्ही त्या खोलीत निगरगट्ट झालो होतो आणि त्यालाच निःस्वार्थ समजत होतो.

आणि मागण्याची परमावधी आपल्या घरातच आहे. ज्ञानोबारायांनी शके १२१२ त ज्ञानेश्वरी पूर्ण केली आणि शेवटी पसायदान मागितले. त्या मागण्यात कोणी वगळला आहे का? खळ म्हणून ज्यांना आपण दूर लोटतो त्यांचेही त्यात भलेच मागितले आहे. आम्ही एका मुलाचे भले मागताना एका म्हातारीला वगळले. ज्याच्याकडे मागावयाचे तोही, ज्याच्यासाठी मागतो त्याच्याइतकाच आपला आहे, हे विसरले की ते दुसऱ्यासाठी मागणे राहत नाही, एकाचे काढून दुसऱ्याला देणे होते.

ही गोष्ट एकट्या आमची नव्हे. इंग्लंडात ब्रिस्टल शहरी २०१५ साली ९२ वर्षांच्या एक बाई वारल्या. युद्धात पडलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ कागदी फुले विकून निधी जमविण्यात त्यांचा जन्म गेला होता. त्यांच्याकडे धर्मादाय संस्थांची किती मागणीपत्रे येत, हे तेव्हा उघड झाले आणि देशभर गवगवा झाला. त्यांच्या मृत्यूस ती पत्रे कारण नव्हेत, असे घरच्यांनी स्पष्ट सांगितले. तथापि लोकांच्या मनाला चटका बसला, आणि २०१६ साली तेथे निधी मागणाऱ्यांवर देखरेख ठेवणारे स्वतंत्र मंडळ स्थापन झाले. पुढच्या वर्षी ‘या संस्थेने मला मागू नये’ असे कळविण्याची सोयही झाली. कायद्याने एवढे होऊ शकते. पण दुसऱ्यांदा ‘तू कोणत्या गावचा?’ असा प्रश्न आला की फोन खाली ठेवावा, हे कोणता कायदा सांगणार?

असो. ती नोकरी आम्ही पुढे सोडली नाही. पोटाला लागत होती, आणि काम वाईट नव्हते. इतकेच केले की, पहिला नकार आला की आभार मानू लागलो. फळ्यावरचा आमचा आकडा पुन्हा खाली आला तो शेवटपर्यंत खालीच राहिला. देखरेख करणाऱ्या मुलीने एकदा विचारले, ‘तुला झालं काय?’ तिला त्या बाईंची गोष्ट सांगितली. ती काही बोलली नाही. पण त्यानंतर नव्या मुलांना शिकविताना ‘लाजतोस कशाला?’ हे वाक्य तिच्या तोंडून आम्ही ऐकले नाही.

आता वारीचे दिवस येतील. रस्त्याने पावतीपुस्तके घेऊन माणसे उभी असतील. हल्ली फोनवरूनही मागणी येते, एक चौकट पाठवितात आणि तीवर पैसे धाडा म्हणतात. आपल्यांतलेही कितीतरी जण दिंडीसाठी, मठासाठी, अन्नदानासाठी मागतील. अवश्य मागावे. भिशी ठरविताना मात्र एवढे पाहावे की दिंडीतल्या विधवा म्हातारीला ती झेपते का, आणि झेपत नसेल तर तिला चारचौघांत तसे म्हणावयास लावू नये. आपण एकमेकांना माउली म्हणतो. पावतीपुस्तक पुढे करतानाही माउलीच म्हणतो. ज्याला माउली म्हणून हाक मारली त्याच्या तोंडावरची अडचण आपल्याला दिसावी, आणि दिसली की पुस्तक मिटून त्याच्या पाया पडावे, एवढी लाज आपणांपाशी राहो.